घरगाडी आणि गडगडणारं अंडं

कर्नी, नेब्रास्का
४ जानेवारी

ती. आर्विलावहिनींस,
सा. न. वि. वि.

तुम्ही एकट्या घरगाडी ओढत ॲरिझोनाला निघालात, हे ऐकून हिने कपाळावर हात मारला. वहिनी, दादा गेल्यावर ती गाडी म्हणजे नसती ब्याद. माझ्याकडे गिऱ्हाईक तयार आहे. पण तुम्ही पडलात हट्टी, म्हणून शेवटची अट घालतो. कुणाचीही मदत न घेता गाडी सपाट उभी करा, भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या दोन्ही खोल्या बाहेर काढा आणि टेबलावर अंडं ठेवा. हललं नाही, तर विकण्याचं नाव काढणार नाही. गडगडलं, तर गाडी गिऱ्हाइकाची.

अंडं चिकटवायचं नाही, सांगून ठेवतो. बाकी माया आहेच, ती ठेवा.

तुमचा दीर,
वेंडेल


क्वार्टझसाइट, ॲरिझोना
११ जानेवारी

चि. वेंडेलभावजींस,
अनेक आशीर्वाद.

अट मान्य. इथे नवी गाडी आली की शेजारी खुर्च्या मांडून तमाशा बघतात, ते तुम्हाला ठाऊकच. मी उतरले तेव्हा पहिली रांग भरलेली. एक आजोबा तर मक्याच्या लाह्या घेऊन बसले होते. मदत करू का म्हणून उठायला लागले, तर म्हटलं, बसा गप्प, लाह्या सांडतील.

तुमच्या दादांनी गाडीच्या नाकावर चिकटवलेली पाणसळ बघत उजव्या चाकांखाली फळ्या घातल्या. बुडबुडा बरोब्बर मध्ये. चाकांना अडण्या लावल्या, ओढणारी पिकअप सोडवली, पुढचा जॅक फिरवला, कोपऱ्यांचे पाय टेकवले. खोल्या बाहेर काढल्या. डावी नेहमीसारखी कुरकुरली. अंडं ठेवलं, तर मेलं डावीकडे गडगडत थेट जमिनीवर!

ही गाडी गेली तर यांची आठवण काढायला मी बसू कुठे? मग तव्यात पाणी ओतून बघितलं. पाणी डावीकडे, बुडबुडा मात्र मध्ये! म्हणजे पाणसळच वाकडी चिकटवलेली. सगळा पसारा पुन्हा आवरला, उजवीकडच्या फळ्यांचा एक थर काढला. डावी खोली चूं न करता बाहेर आली, नवं अंडं ठिय्या देऊन बसलं. खुर्च्यांतून टाळ्या! गिऱ्हाइकाला नारळ द्या.

पण काय हो, तुमच्या दादांसारख्या काटेकोर माणसाला पाणसळ सरळ चिकटवता येऊ नये? इतकी वर्षं मी झोपेत घसरत त्यांच्या अंगावर जायचे, आणि वर मलाच म्हणायचे, वजन कमी कर!

घरात सगळ्यांना माझी आठवण सांगा.
आर्विला


कर्नी
१८ जानेवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हरलो. गिऱ्हाइकाला कळवतो.

आता सांगूनच टाकतो. पाणसळ चिकटवताना बॅटरी मीच धरली होती. वाकडी लागतेय म्हणून ओरडलो, तर दादा म्हणाला, गप रे, लागू दे. तुझी वहिनी रुसली की पलंगाच्या पार उजव्या टोकाला जाऊन झोपते. गाडी जरा कलती असली की पहाटेपर्यंत आपोआप माझ्याकडे येते, माफी मागावी लागत नाही.

माझ्यावर रागावू नका. मी फक्त बॅटरी धरली.

वेंडेल


क्वार्टझसाइट
२५ जानेवारी

चि. भावजींस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग पोटभर रडले. लबाड मेले दोघं भाऊ! सपाट गाडीत मला एक दिवस धड झोप लागली नव्हती. का, ते आत्ता कळलं.

आज खोल्या आत ओढल्या आणि काढलेल्या फळ्या उजव्या चाकांखाली परत घातल्या. लाह्यावाले आजोबा धावत आले, अहो बाई, वाकडी झाली! म्हटलं, बसा गप्प. डावी खोली कुरकुरली. अंडं गडगडलं.

अटीप्रमाणे मी हरले, भावजी. गिऱ्हाइकाला खुशाल पाठवा. फक्त आधी सांगा, की गाडी कलती आहे, कलतीच राहील, आणि पलंगाची डावी बाजू रिकामी नाही.

लोभ असू द्या, जरासा डावीकडे झुकलेला.

तुमची वहिनी,
आर्विला