फक्त दादालाच कळणारं

प्रिय दादा,

तुझा कोड शेवटी वाचून काढला. वाचताना किळस आली, स्पष्टच सांगते. माणसांच्या नसेत औषध सोडणारा पंप, आणि त्याच्या कोडमध्ये नावं काय दिलीस? एक्स, एक्स एक्स, क्यू सात! औषध कुठलं, वेळ कुठली, कशाचाच पत्ता नाही.

तू नोकरी सोडलीस तेव्हापासून त्याला कोणी हात लावत नव्हतं. पंप अडला की छ्यो साहेब यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवायला लावायचे. हिरवंच हं, चालू दिव्याच्या रंगाचं; पिवळं चालत नाही! मोठमोठ्या पदव्या घेतलेले इंजिनिअर त्यापुढे हात जोडून उभे. वर मलाच म्हणायचे, "तुझ्या भावाचं डोकं अचाट गं!"

गेल्या महिन्यात वॉर्डातली वीज जाऊन आली. पंप आधी दिलेलं औषध विसरला आणि एका आजोबांना पुन्हा पहिल्यापासून द्यायला लागला. नर्स शेजारी होती म्हणून ते वाचले. मी घाबरून तुला फोन केला, तर तांदळाच्या शेवया चावत तू म्हणालास, "चूक कुठे आहे ते मला ठाऊक आहे. पण तिथली नोकरी सोडलीय मी. त्यांना आधी मला बोलवू दे, पगार वाढवून. मग सांगतो." आणि हसलास! दादा, मला तुझी शिसारी आली.

पंप बंद ठेवले. नर्स हाताने थेंब मोजत बसल्या आणि मी इथे तुझी एकेक ओळ सोडवत बसले. चूक सापडली. मग सगळंच नव्याने लिहिलं, साध्या नावांनी: दिलेलं औषध, उरलेलं औषध. नुकतीच लागलेली य्वी-थोंग ते वाचायला बसली आणि चहा निवायच्या आत म्हणाली, "ताई, उरलेलं औषध शून्याच्या खाली गेलं तर?" चूक माझीच होती. मला लाज नाही वाटली, हायसं वाटलं.

काल साहेबांनी विचारलं, "भावाला परत बोलवायचं का?" मी नको म्हटलं. आई माझ्याशी बोलत नाहीये. "सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास," एवढंच म्हणाली. हो, दिला. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. सोमवारी पंप पुन्हा सुरू होतायत. आता त्यांचा कोड कुणालाही वाचता येतो. साहेबांच्या फोनची वाट बघू नकोस.

तुझीच धाकटी,
पेइ-शान