अकराच्या पलीकडची दरी

प्रिय अण्णा,

आपण आपली भागीदारी एकतर्फी विसर्जित करून परलोकी प्रस्थान केल्यापासून पत्रलेखनाचे प्रयोजन उद्भवले नव्हते. आज उद्भवले. संगणकाने आपणांस चूक ठरवले आहे!

स्मरते ना? महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी टेम्पोने सांगलीस आणताना सारथ्य आपले, गणिताचे पौरोहित्य माझे. तिथून किती वाजता निघाल्यास नासाडी न्यूनतम होईल, हे मी सॉफ्टवेअरला विचारी. आपले जैन व्रत सूर्यास्तापूर्वी जेवण्याचे. म्हणून दिवसाउजेडी घरी पोहोचण्याची अट घाली. उत्तर येई: सकाळी अकरा.

"बगा! मशीनबी आमच्याच बाजूचं हाय!" आपण गर्जत असा.

उन्हात शिजणारी फळे मात्र कोणाच्याच बाजूची नव्हती. आपल्यामागे टेम्पो चालवणारी आपली कन्या शरयू यंदा म्हणाली, "काका, असंच नासत राहिलं तर टेम्पो विकूया."

गेल्या आठवड्यात मी ती दिवसाउजेडाची अट पुसली. बोट अडखळले, अण्णा. उत्तर आले: अकरा! मी सद्गदित झालो. मरणोत्तरही आपलेच खरे!

शरयू मागून म्हणाली, "अहो काका, अट काढली, पण शोध अजून पप्पांच्याच अकरा वाजल्यापासनं सुरू करताय की! नासाडी कमी होईल तिकडं ते उतरत जातं, आणि जवळच्या खड्ड्यात पोचलं की तिथंच बसतंय. मधली दुपारच्या उन्हाची टेकडी चढणार कोण? संध्याकाळपासनं सुरू करून बघा."

केले. टेकडीपलीकडे आपल्या खड्ड्याहून कितीतरी खोल दरी निघाली! सायंकाळी सात.

"आणि तुझे भोजन?" मी विचारले.

"डबा न्यायचा. दिवस मावळायच्या आत तिथंच जेवायचं, मग निघायचं. त्यात काय?"

त्यात काय! आपल्या दोन प्रगल्भ मेंदूंना हे का सुचू नये? आपणांस वहिनींच्या तव्यावरचीच भाकरी हवी, हा हट्ट किती फळांना भोवला! आता भांडावे, तर आपण नाही.

काल पहिली खेप आली. क्रेटच्या तळाची फळेसुद्धा टणक. शरयूने टेम्पो विकण्याचा विषय काढला नाही. मागचे टायर बदलण्याचा काढला.

वचन देतो: यापुढे प्रत्येक हंगामी शोध अनेक वेळांपासून आरंभीन, आणि त्यांत एक आरंभ अकराचा ठेवीन. तो चुकीच्या खड्ड्यात उतरेल. उतरू दे. क्षणभर तिथे आपली भेट होईल.

आपला,
अद्यापि भागीदारच,
वामन