शेल्याचे राहिलेले दोन हात

नागभीड, ता. ३ डिसेंबर १९५५
माग बंद. धोट्यातली सुताची शेवटची कांडी सकाळीच संपली. कोशाच्या रेशमाचा शेला दोन हात बाकी, अन् चांद्याच्या प्रदर्शनाचा माणूस १५ तारखेले न्यायले येते. घरचीनं सूत काढणंच सोडलं. सैपाक करते, पाणी भरते, कोशाले हात लावत नाई. विचारलं तर म्हणते, "समदं तुमच्याच हातचं हाय ना? मंग सूतबी काढा."
तसं बोललो होतो, खरं हाय. परवा प्रदर्शनाच्या साहेबानं विचारलं, सूत कोणाचं? म्हणलं, समदं माझ्याच हातचं. त्यानं चिठ्ठीवर माझं एकट्याचं नाव लिहून मागाले बांधली. ही चहा घेऊन दारातच उभी.

ता. ५
शेजारच्या बायजाबाईचं सूत उसनं आणलं. चार बोटं विणलं. पिवळट पट्टा, आंधळ्यालेही दिसन. उकललं. दिवस वाया.

ता. ६
सोताच बसलो. पाच कोशांचे तार एकत्र धरून मांडीवर वळायचे. बावीस वर्सं पाहून राह्यलो, त्यात काय मोठं. हातभर सूत निघालं, त्यात मांडीचे केस. कळ अशी, का डोळ्यात पाणी. ही चुलीपाशीच होती. हसली नाई. हसली असती तर बरं झालं असतं.

ता. ७
वस्तऱ्यानं मांडी भादरली. सूत निघते, पण कुठी जाड, कुठी बारीक. मांडी लालभडक. लोक माझ्या विणीची तारीफ करत. वीण कसली, सूत एकसारखं होतं म्हणून. लई राग येते. कोणावर, ते...

ता. ९
शेवटी बोललो. चुकलं म्हणलं. तांदूळ निवडता निवडता म्हणते, "माझं नाव काऊन नाई सांगतलं?" म्हणलं, बायकोचं नाव परक्यापुढं कसं घेऊ? लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच.
"माय गेली तवापासून माझं नाव कोणीच घेतलं नाई. समद्याईले मी गंगीची माय."
उठून गेलो.

ता. ११
जुनी चिठ्ठी सोडली. नवी लिहिली. वीण माझी, अन् खाली, सूत: सकवार. लिहायले सोपं निघालं. तिच्यापुढं ठेवली. उलटीसुलटी पाहिली तिनं. वाचता कुठी येते तिले.
"काय लिवलं?"
बायजाबाई ओट्यावर बसलेली. म्हणलं, मंग सांगतो.
"आताच सांगा, बायजीसमोर. साहेबासमोर नाई सांगतलं ना."
वही काढून इथी आत येऊन बसलो. तिनं राखेच्या पाण्यात कोसे टाकून भांडं चुलीवर चढवलं मात्र. शिजलेल्या कोशांचं सूत ओले असतानाच काढा लागते, वाळले का तार तुटते. भांडं आता उतरवलं वाटते. मी लिहून राह्यलो, त्या दोघी नावाची वाट पाहून राह्यल्या.