डाव्या दाराची पट्टी

आप्पा, तुम्ही मला पार वेड्यात काढलंत. तुम्ही गेल्यावर तुमची जुनी गाडी पेणच्या पडवीतून काढून मी रोह्याला आणली, धाटावच्या रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडे दिली आणि ठरवलं, करायची तर अगदी पहिल्यासारखी करायची. इंजिनाचं सामान मिळतं हो, कुणी ना कुणी काढून देतो. घोडं अडलं ते दारांवरून जाणाऱ्या लांब क्रोमच्या पट्ट्यांपाशी. उजवी तुमच्याच वेळी धरमतरच्या धक्क्यावर ट्रकने चेपलेली. मिस्त्री म्हणाला, एकच नवी घातली तर चकाकी वेगळी दिसेल, जोडीच बघ. मग कंपनीतली शिफ्ट सुटली की मी भंगाराची दुकानं धुंडाळायला लागले. कुणी स्टीलची पट्टी वाकवून देतो म्हणायचा, कुणी दुसऱ्याच गाडीची गळ्यात मारायला बघायचा. शेवटी पेणलाच, तुमच्या गणपतीच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर, एका मोडक्या गाडीची जोडी मिळाली, अस्सल, क्लिपांसकट.

परवा मिस्त्रीनं उजवी पट्टी उचकटली आणि डावीकडे गेला. स्क्रूड्रायव्हर लावतो तर तो कुठे अडकेचना. त्यानं चष्मा पुसला, बोट फिरवलं आणि मला हाक मारली.

"ताय, इकडं ये गो. ही पट्टी नाय."

"म्हणजे?"

"रंग हाय. कुणीतरी काढलेली हाय."

मी वाकून पाहिलं. वरच्या कडेला पांढरी रेघ, मध्ये आभाळाचा निळसर पट्टा, खाली जमिनीची काळपट छाया, खऱ्या क्रोममध्ये दिसते तशीच. टोकांना स्क्रूसुद्धा काढलेत, आणि त्यांच्या खाचा वेगवेगळ्या दिशांना. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करून बुबुळात पांढरा ठिपका ठेवायचात, तोच हात. मला आधी हसूच फुटलं. म्हणून तुम्ही गाडी कायम डावी बाजू भिंतीला लावून उभी करायचात होय, आणि आई बिचारी अंग चोरून आत शिरताना रोज करवादायची. मी सातवीत असेन. बादली घेऊन गाडी पुसतेय, आणि तुम्ही कारखान्यातून हातातला ब्रश तसाच घेऊन धावत येता. "त्या बाजूला फडका मारू नको गो, हजारदा सांगितलं." मी रडवेली. संध्याकाळी समजूत म्हणून एक बारीक ब्रश आणून देता, का ओरडलात ते मात्र सांगत नाही. खरी पट्टी पडली कुठे, आप्पा? वडखळच्या रस्त्यात? नवी आणायला जमत नव्हतं, की एकदा करून तर बघू म्हणून काढलीत आणि मग लोक फसताहेत याचीच मजा वाटायला लागली? मला हे दुसरं कारणच खरं वाटतं. आईला विचारलं तर म्हणते, "कायतरीच. मी त्याच दारानं चढत होते ना." म्हणजे तिलाही पत्ता लागू दिला नव्हता तुम्ही.

आता मिस्त्रीला उत्तर हवंय. डाव्या दाराला आतून गंज लागलाय. रंग पत्र्यापर्यंत खरवडायचा, बुजवलेली भोकं मोकळी करून मिळालेली पट्टी बसवायची, एवढंच काम. खरी पट्टी हवी म्हणून मीच तर सगळ्यांचा जीव खाल्ला होता. पण त्यानं पॉलिश पेपर दाराला टेकवला आणि मी त्याचा हात धरला. तुमच्या हातचे एवढे गणपती घरोघर गेले आणि सगळे पाण्यात गेले. तुम्ही म्हणायचात, गेले म्हणून तर पुढच्या वर्षी काम. घरात तुमच्या हातची एक रेघ उरलेली नाही, ही एवढीच. मला तिथेच, गॅरेजात, रडू आलं. मिस्त्री दुसरीकडे बघत उभा राहिला.

"दार सडंल, ताय," तो म्हणाला.

"सडू दे. बाकी गाडी रंगव, या दाराला हात लावू नको."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकते. गंज माझ्या रडण्यानं थांबणार नाही, तेवढं मला कळतं. चार पावसाळ्यांत हीही रेघ जाईल. लहानपणी तुमचे गणपती पाण्यात जाताना मी सगळ्यांच्या पुढे नाचायचे. या खेपेला नाचवत नाही, आप्पा.