माझ्या नावावर नसलेल्या घराविषयी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणसत्तर, शीतगृहाचा निवृत्त मेकॅनिक, गेली एकतीस वर्षे या परक्या, उष्ण देशात राहणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला हृदयाच्या डॉक्टरांनी दिला आहे. दाखला खरा आहे ना, हे मी दवाखान्यात फोन करून दोनदा विचारून घेतले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बायको शेजारच्या खोलीत शिवणयंत्रावर बसली आहे आणि मधूनमधून यंत्र थांबवून कानोसा घेत आहे, त्याला दबाव म्हणत असतील तर तेवढा आहे. याआधी मी चार मृत्युपत्रे केली. ती चारही रद्द समजावीत. ज्यांच्या भरवशावर ती केली, त्यांच्यावरचा माझा विश्वास शाई वाळायच्या आत उडाला होता.

कलम १. अवजारे. दाबाची मापके, नळ्या कापण्याचे व वाकवण्याचे सामान आणि गॅसची गळती शोधायचा दिवा, हे सर्व पेटीसकट बर्फाच्या कारखान्यातल्या डावखुऱ्या फिटरला द्यावे. माणूस कामाला सोने आहे. एकोणीस नंबरचा पाना चौदा वर्षांपासून त्याच्याकडेच आहे. मागितला की "कुठला पाना?" म्हणतो. निदान माझ्यामागे संच पूर्ण होईल. गळती शोधताना साबणाचा फेस लावून एकेका सांध्याकडे टक लावून बसावे लागते, कुठे बुडबुडा येतो का बघत. चाळीस वर्षे मी तेच केले. घरी आलो तरी नजर तीच असते, असे बायको म्हणते.

कलम २. दारांची सात कुलपे, खिडक्यांचे सुटे गज आणि फाटकावरचा कॅमेरा माझ्या भाच्याला द्यावा. सहा वर्षे झाली, तो रोज सकाळी मला या देशातल्या एका तरी दरोड्याची बातमी फोनवर पाठवतो आणि खाली लिहितो, "मामा, जपून राहा. मामीला घेऊन परत या." त्याच्या स्वतःच्या दारातून त्याची स्कूटर दोनदा चोरीला गेली, ती बातमी मात्र मला त्याच्या आईकडून कळली. सुरक्षिततेची किंमत जाणणारा आमच्या नात्यात तोच एक, म्हणून हा ठेवा त्याला. कॅमेरा दुसरा आहे, हे त्याला सांगावे. एकतीस वर्षांत आमच्याकडे चोरी एकदाच झाली, आणि त्यात पहिला कॅमेराच गेला.

कलम ३. राहते घर. इथे पेन अडते. या देशात परक्याला जमीन घेता येत नाही. घर मी बांधले, पंप मी बसवला, छताची प्रत्येक गळती मी बुजवली, पण जमिनीचा कागद साळुंकीच्या नावावर आहे. साळुंकी म्हणजे आमच्याकडे बावीस वर्षे स्वयंपाकाला असलेली इथली बाई. अखंड बोलते म्हणून बायकोने ठेवलेले हे नाव. आमची भाषा ती बायकोकडूनच शिकली, त्यामुळे रागावली की हुबेहूब माझ्या बायकोसारखी बोलते आणि मला दोन्हीकडून ऐकावे लागते. अठरा वर्षांपूर्वी जमीन घेताना मी म्हणालो होतो, शीतगृहाच्या मॅनेजरच्या नावावर घेऊ. बायको म्हणाली, "मॅनेजर महिन्यातून एकदा दिसतो. हिला आपण रोज बघतो." बोलणे बिनतोड होते. तेव्हाच मला वाटले की कुठेतरी पाणी मुरते आहे.

मुद्दा असा, की माझ्यामागे बायकोच्या डोक्यावर हे छप्पर राहील की नाही, ते कायद्याने साळुंकीच्या मर्जीवर आहे. आम्हाला मूलबाळ नाही. हे मृत्युपत्र करायचे खरे कारण एवढेच, बाकीची कलमे तोंडीलावणी आहेत.

इथे राहणे शहाणपणाचे आहे का, याचा मी दोन्ही अंगांनी विचार करत आलो आहे. दिवे जातात. ताप येतात, आणि कुठला ताप आहे हे डॉक्टरला कळेपर्यंत उतरतात. निवडणूक आली की रस्ते ओस पडतात. आपल्या मुलखातून आलेल्या लोकांचे इथे एक मंडळ आहे, त्याच्या सेक्रेटरींनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात बजावले होते, "इथल्या कोणालाही घरात घेऊ नका. आपल्या माणसांनाच धरून राहा." त्यांनीच मला जनरेटर विकला. तो नऊ दिवस चालला.

दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही लिहितो. व्हरांडा आहे. बारा महिने वारा आहे. आणि बायको आहे. सासरी असताना तिला बाजारात जायचे तरी तिघांना विचारावे लागे. ती शेचाळिसाव्या वर्षी समुद्रात पोहायला शिकली. रोज सकाळी दोन मैत्रिणींबरोबर जाते आणि ओल्या केसांनी स्कूटर चालवत परत येते. पहिले वर्षभर मी किनाऱ्यावर उभा राहून त्या मैत्रिणींवर नजर ठेवली. दोघी चांगल्या निघाल्या. तिकडे असताना ती अशी मोकळी हसलेली मी पाहिली नव्हती, हे मान्य करतो.

कलम ४. लाखबंद पाकिटाविषयी. बारा वर्षांपूर्वी इथे दंगल झाली. परक्यांची दुकाने जळाली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तीसेक माणसे आमच्या फाटकाशी आली. मी आणि बायको आतल्या खोलीत, दाराला कपाट लावून बसलो होतो. बाहेर साळुंकी एकटी. कोणीतरी दरडावून विचारले, घर कोणाचे? ती म्हणाली, "माझं. कागद आहे माझ्या नावाचा, दाखवू?" थोडी बाचाबाची झाली आणि माणसे पुढे गेली. बायको रडू लागली. मी कपाटाला पाठ लावून एकच गोष्ट घोळवत होतो, की ती किती सहज "माझं" म्हणाली. जिने जीव वाचवला तिचे आभार मानायचे सोडून मी तिच्या आवाजात हाव शोधत होतो. याची मला लाज वाटते.

संचारबंदी उठली त्या दिवशी मी वकिलाकडून एक कागद करून आणला. घर दुसऱ्याच्या नावावर करून देण्याचा कागद, खाली साळुंकीची सही, तारीख कोरी, घेणाऱ्याचे नाव कोरे. तिची मती फिरली तर मी हवे ते नाव भरून मोकळा. तिने सही केली. बावीस वर्षांतला तिचा तो एकच गप्प दिवस. कागद पाकिटात घातला, पाकिटाला लाख लावली आणि ते कपाटात ठेवले. तेव्हापासून मी रोज कपाट उघडून लाख शाबूत आहे ना ते बघत असे आणि मगच चहा घेत असे.

गेल्या महिन्यात हृदयाने दगा दिला. दगा द्यायचे तेवढेच राहिले होते. दवाखान्यातून घरी आल्यावर वकिलाने मूळ कागद मागितला. मी लाख फोडली. आतून पातळ पिवळट कागदाची घडी निघाली, तिच्यावर पेन्सिलीने एक वळणदार आकार काढलेला. मी दुसऱ्यांदा पाहिलेही नाही. साळुंकीला हाक मारली. ती ओल्या हातांनी आली.

"कपाटाची किल्ली कोणी दिली तुला?" मी म्हणालो. "बावीस वर्षं घरात चोर पोसला मी."

ती काही बोलायच्या आत शेजारच्या खोलीतले यंत्र थांबले.

"तिला कशाला बोलता?" बायको दारात येऊन म्हणाली. "तो कागद मी जाळला. ती माझ्या ब्लाउजची बाही आहे, बेतायच्या मापाची."

"कधी जाळलास?"

"तेव्हाच. तुम्ही लाख आणायला बाजारात गेला होतात, तेव्हा."

"हिला माहीत होतं?"

"हिच्यासमोरच जाळला. ज्या बाईनं आपल्याला वाचवलं, तिच्या मानेवर सुरी ठेवून मला त्या घरात जेवण गेलं नसतं."

मी साळुंकीकडे पाहिले. ती हात पुसत म्हणाली, "काका, तुम्ही रोज ते पाकीट काढून बघायचात. मला वाटायचं, काकूंच्या बाहीवर किती जीव आहे यांचा."

म्हणजे बारा वर्षे मी एका बाहीच्या भरवशावर निर्धास्त झोपलो. साळुंकीने मनात आणले असते तर कुठल्याही सकाळी आम्हाला सामानासकट फाटकाबाहेर काढले असते, आणि आपल्याला अडवणारे काही उरलेले नाही हे तिला ठाऊक होते. तिने काय केले? रोज आठ वाजता येऊन कणीक मळली. हे समजल्यावर माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, तर एवढी वर्षे थांबली म्हणजे बेत चांगलाच मोठा असणार. मग माझे मलाच हसू आले. शंका मात्र गेली नाही. हे लिहितानाही आहे. स्वभावाला औषध नसते म्हणतात.

कलम ५. पत्नीचा निवास. भाच्याने तिकडे वृद्धांच्या एका संकुलात मामीसाठी खोली बघून ठेवली आहे. दाराशी पहारा, पलंगाशी घंटा, आणि संध्याकाळी पाचनंतर फाटकाबाहेर जायचे नाही. जागा अगदी सुरक्षित आहे. "माझ्यामागे पत्नीने तेथे जाऊन राहावे," असे वाक्य मी या कलमात लिहिले होते. बायको चहा ठेवायला आली, ते वाचले आणि उभीच राहिली.

"मला विचारलंत?" ती म्हणाली.

खरे तर नव्हते विचारले. तेव्हा विचारले.

"इथे," ती म्हणाली.

"आणि उद्या तिनं बाहेर काढलं तर?"

"तर निघेन. तिची धास्ती मला कधीच नव्हती, तुमची होती. दर वर्षी म्हणता, पुढच्या वर्षी परत जाऊ. एकतीस वर्षं मी एक पाय उचलून उभी आहे या देशात. भिंतीला रंग कुठला द्यायचा म्हटलं तरी तुम्ही म्हणणार, कशाला, जायचंच आहे."

चहा निवला.

सबब, ते वाक्य खोडून असे लिहितो, की माझ्यामागे कुठे राहायचे हे माझ्या पत्नीने ठरवावे, आणि भाच्यासह कोणीही त्यात पडू नये. साळुंकीकडून पुन्हा कसलाही कागद लिहून घेऊ नये. पत्नीचा पासपोर्ट माझ्या पासपोर्टाखाली दोरीने बांधून मी आजवर माझ्या कपाटात, माझ्या कुलपात ठेवला होता. तिच्याकडून हरवेल, असे कारण सांगत असे. तो माझ्या मृत्यूची वाट न बघता आज सकाळी तिच्या हातात दिला. तिने आतला आपला फोटो बराच वेळ पाहिला आणि पासपोर्ट शिवणयंत्राच्या खणात ठेवला. त्या खणाला कुलूप नाही, हे मी तिच्या लक्षात आणून दिले. ती म्हणाली, "माहितीये."

कलम ६. साळुंकीला मी या पत्रान्वये काहीही देत नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात, आणि घर तर मला देताच येत नाही. ते तिचे आहे.

ठिकाण: साळुंकीच्या घराचा व्हरांडा
दिनांक: ९ मार्च, सोमवार, सकाळी सव्वाअकरा

मृत्युपत्र करणाऱ्याची सही

साक्षीदार पहिला: शेजारचे दंतवैद्य. माझ्यासमक्ष सही केली. जाताना माझे पेन घेऊन गेले आहेत, ते आणवावे.

साक्षीदार दुसरी: साळुंकी. आमची भाषा तिला बोलता येते, वाचता येत नाही, म्हणून पत्नीने तिला हे सर्व मोठ्याने वाचून दाखवले. मी समोर बसलो होतो. मी तिला चोर म्हणालो ते वाक्य आले, तेव्हा म्हणालो, "तेवढं खोडतो." ती म्हणाली, "म्हणालात ना, काका? मग राहू द्या." आणि तिने सही केली.