फोटोतली बारीक रेघ

सोम., २० जाने. १९४१, तानसा
हिच्या ऑपरेशनला आज तीन आठवडे. खड्यांनी भरलेली पित्ताची पिशवी मुंबईच्या डॉ.नी काढली, पण पोटात रबराची नळी ठेवून घरी पाठवलं. नळीला बाटली. बाटली मीच रिकामी करतो, कोणाला हात लावू देत नाही. आज हिचे डोळे परत पिवळे वाटले. अंगणात नेऊन बघितले. पिवळेच. म्हटलं, "काय नाय गो, ऊन पडलंय." म्हणाली, "अवो, मग सावलीत बघा की!" हसली.

बुध., २२
सासूबाई टोकावड्याहून काविळीची माळ घेऊन आल्या. कसल्या मुळ्यांचे बारीक तुकडे ओवलेत. डोक्यावर घालायची, ती वाढत वाढत खाली उतरते, तशी कावीळ उतरते म्हणे. मी म्हटलं डॉ. ओरडतील. "तुमच्या डाक्तरनं पोट फाडलेलं चालतं, नि माझी माळ नाय चालत?" घालू दे. हल्ली कशालाच नाही म्हणायची छाती होत नाही.

शनि., २५
पहाटे टांग्यानं आसनगाव, तिथून रेल्वेनं मुंबई. नळीतून रंग सोडून एक्सरेचा फोटो काढला. डॉ.नी दिव्यासमोर धरून दाखवला. काळ्यात पांढऱ्या नळ्या, खाली एकीत हरभऱ्याएवढी काळी जागा. खडा राहिलाय. परत पोट उघडणार, शुक्रवारी.
आणखी एक दिसलं. हिच्या उजव्या अंगानं (फोटोत डावीकडे) एक बारीक रेघ येते नि मोठ्या नळीला पार खाली मिळते. डॉ. जिथं चीर देणार म्हणाले, अगदी तिथंच. विचारलं. "आतड्याची सावली आहे ती." पुढचा पेशंट आत आला.
सावली अशी एकसारख्या जाडीची असते?

रवि., २६
डोकं ठिकाणावर नाही. आमच्या पाण्याच्या पाइपलाइनवर एक रीत आहे. पाइप कापायच्या आधी एकानं सगळी लाइन पायी चालायची. मधे दुसरा पाइप येऊन मिळालेला, म्हणजे फाटा, दिसला की चुन्याची खूण. परत येऊन मोठ्यानं "बघितली" म्हणायचं. तोवर कोणी करवत लावत नाही. सात वर्षांमागं, उन्हाळ्यात, मी चाललोच नाही. झाडाखाली बसून नकाशा बघितला नि "बघितली" म्हणालो. नकाशात नसलेला फाटा निघाला, पाण्यानं भरलेला. करवत लागताच फुटला नि आमच्या टोळीतल्या गणूचा पाय गेला. अजून शहापूरच्या बाजारात भेटला की हसून रामराम करतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
डॉ.ना परत विचारू? एवढे शिकलेले ते. मी पाना फिरवणारा. पण ती रेघ...

सोम., २७
रजा टाकून एकटाच मुंबईला. दोन तास बाकावर. डॉ. भडकले. "मिस्त्री, आता तुम्ही मला शिकवणार?" म्हटलं, "नाय साहेब. पण सावली असंल तर कूस बदलल्यावर हलंल ना? नळी असंल तर हलून जाईल कुठं?" फोटो परत काढून दिव्यासमोर धरला. मग म्हणाले, "बुधवारी घेऊन या."
रात्री घरी परत. हिला काही सांगितलं नाही, तरी सगळं कळलंच. "डाक्तरशी भांडून आलात ना? तोंडावरनं दिसतंय."

बुध., २९, मुंबई
कुशीवर निजवून दुसरा फोटो. रेघ जागची हलली नाही. नळीच आहे. डॉ.नी कागदावर चित्र काढून समजावलं. यकृताच्या उजव्या भागाचं पित्त हिच्यात वेगळ्या वाटेनं येतं नि खाली मिळतं. "काही माणसांत असतं असं. दिसेपर्यंत कोणाला माहीत नसतं. ही न कळता कापली गेली असती तर..." माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला रडू कोसळलं, नर्ससमोर. लाज वाटली.
डोळे पुसून फोटो परत बघितला. वरची बाजू काळीच. रंग तिथवर चढलाच नाही. विचारलं, तिथं आणखी एखादी असली तर? म्हणाले, "असू शकते. पण आता परत रंग नको, ताप चढलाय तिला. तेवढं मी हातानं चाचपून बघेन, मिस्त्री. नक्की बघेन." आता परवापर्यंत ही इथंच राहणार.
माणूस खरं बोलला. तरी झोप नाही.

शुक्र., ३१
नर्सनं माळ काढायला लावली. कमरेपर्यंत उतरली होती. सासूबाई ती मांडीवर घेऊन बसल्यात.
ढकलगाडीवर हिनं माझं बोट धरलं. हात तापलेला. "लाइन चाललात ना सगळी?"
"हो."
"मग बोला की मोठ्यानं, तुमच्यात बोलतात तसं."
नर्स थांबली होती. मला ते काळं दिसत होतं, फोटोच्या वरचं. म्हटलं, "बघितली." मोठ्यानं म्हटलं.
"झालं तर मग," म्हणाली नि डोळे मिटले. बोट सुटलं. नऊ वाजता दार लागलं.

साडेदहा. दार बंदच.

पावणेबारा. एक नर्स धावत बाहेर आली, काहीतरी घेऊन धावतच आत गेली. विचारायला उठलो, तोवर दार लागलं. सासूबाई म्हणतात, "बसा हो, तुमी बघितलंय ना सगळं."