अजून ड्युटीवर

अकोला,
गुरुवार, १८ जुलै २०२४

प्रिय वच्छलाताई,

धाकट्या पुंजारामचा तुला आणि भाऊजींना दंडवत प्रणाम. इकडे सर्व ठीक. तुझ्या भावजयीची, सीमाची कंबर आता बरी आहे. भाऊजी रागात असूनही दोन भाकरी जास्त खातात असं कळलं, समाधान वाटलं.

अक्षर पाहून घाबरू नकोस. डाव्या हाताने लिहितो आहे. फोनवर तू आधी रडतेस, मग विचारतेस, आणि माझं सांगायचं राहून जातं.

पोलीस पाटील तुमच्याकडे कडबाकुट्टी पाहायला आले, त्यावरून तुझा निरोप आला, "आमचं नाव काहून घेतलं?" बरोबर आहे तुझं. सांगतो.

हाताला थोडं लागलं असं मी कळवलं होतं. ताई, उजवा अंगठा गेला. तीन जूनला, कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसखाली. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच ती प्रेस खाली येते. काम लवकर उरकावं म्हणून एका बटणात आम्ही काडी खोचून ठेवायचो. सुपरवायझर किशोरभाऊंनीच शिकवलेलं. खोचली मात्र त्या दिवशी मी.

दवाखान्यात किशोरभाऊ कागद घेऊन आले. "पुंजारामभाऊ, नोकरी ठेवाची ना? मंग घरी लागलं म्हना." लिहूनच आणलं होतं: सुटीवर असताना भातकुलीला बहिणीकडे बैलांसाठी कडबा कापताना अंगठा गेला. गावचा माणूस म्हणजे त्याच्या घरी बैल असणारच, असा त्यांचा समज. भाऊजींनी बैल विकून अकरा वर्षं झाली, हे मला माहीत होतं. तरी मी डावा अंगठा उठवून दिला. उजवा असता तर सही केली असती, एवढाच फरक.

घरी आल्यावर देवापुढे हात जोडले, तर एका बाजूने फट राहिली. त्या फटीतून ते खोटं रोज दिसू लागलं. शेवटी लेबर ऑफिसात गेलो.

तिथल्या बाई म्हणाल्या, "सुटीवर नव्हता, याला पुरावा?" माझ्यासोबत काम करणारा भगवंत बरोबर आला होता. गेटवर लावलेल्या हजेरीच्या कागदाचा त्याने फोटो काढला होता. तीन जून, आत येण्याची वेळ सात बावन्न. बाहेर जाण्याची वेळ कोरी. हजेरीचं मशीन अंगठ्यावर चालतं आणि माझा अंगठा आत राहिला. मला मागच्या दाराने टेम्पोत घालून नेलं.

बाई फोटो पाहून हसू दाबत म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही अजून ड्युटीवरच आहात!"

भगवंत म्हणाला, "बाई, ह्या मानसाले चहाले तरी सोडा आता!"

मग अपघात कसा झाला ते ऐकून बाईंनी विचारलं, "काडी कोणी खोचायला लावली?" शिकवली किशोरभाऊंनी, खोचली मी, असं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, मशीन तशी चालू दिली ही कंपनीची चूक, भरपाई हा तुमचा हक्क. फक्त अंगठा उठवलेला तो कागद आड येतो. सोमवारी अकरा वाजता सुनावणी आहे. भाऊजींनी येऊन एवढंच सांगायचं, की घरी बैल नाही, कडबाकुट्टी नाही.

काल किशोरभाऊ घरी आले. कागद तसाच राहू दिला तर चौकीदारी देतो म्हणाले. खुर्ची, पंखा, सावली. ताई, तुझ्यापासून काय लपवू, मला ती खुर्ची दिसू लागली होती. या वयात नऊ बोटांच्या माणसाला दुसरं काम कोण देणार?

सीमा चहा ठेवता ठेवता म्हणाली, "बसा खुर्चीवर. पन तिथं बसून हे खोटं पचन का तुमाले?"

किशोरभाऊंनी चहा अर्धा टाकला.

सोमवारी मी खरं सांगणार आहे. आधी माझ्याच खोट्याची कबुली द्यावी लागेल, त्याची लाज वाटते. भाऊजींना म्हणावं, राग ठेवूनच या. रागाची जागा मोकळी ठेवतो, माझ्या शेजारचीच. नाही आले, तरी मी बोलेन, आवाज थोडा बारीक निघेल इतकंच.

तुमच्या उंबऱ्याशी खोटं बोललेला आणि तिथेच माफी मागणारा,
तुझा भाऊ
पुंजाराम